आवाज कुठं अडला?



मी कवितेचा माणूस. बी.ए. केलं तेही मराठी घेऊन. त्यामुळं मोटारीतल्या अ‍ॅम्प्लिफायरवर मी बोलणार म्हटल्यावर आधी घरचेच हसले. पण गोष्ट माझ्या दारात घडली आणि थोडक्यात निभावली, म्हणून सांगावीशी वाटते.

आमचं पडेगाव हे छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं, पश्चिमेकडचं टोक. छावणी ओलांडली की आमची वस्ती लागते आणि हाच रस्ता पुढं दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडं जातो. या वाटेवर किल्ला आहे, दर्गे आहेत, घृष्णेश्वर आहे, लेणी आहेत. त्यामुळं या रस्त्यावरच्या कितीतरी घरांची चूल प्रवासी गाड्यांवर पेटते. माझ्या भाच्याची गाडी त्यातलीच. गाडी कर्जाची, हप्ता दर महिन्याचा. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून त्यानं डेकला जोडून मागं एक अँप आणि बूफरचा डबा बसवून घेतला होता. आमच्याकडं सगळे त्याला अँपच म्हणतात, मीही तसंच म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. म्हणाला, "मामू, अँप गया." हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले साडेसात हजार रुपये खिशात घालून तो नवा अँप आणायला निघाला होता. दोन जणांनी त्याला सांगितलं होतं की आता हा दुरुस्त होत नाही. मी विचारलं, "गेला म्हणजे नेमकं काय झालं?" त्याला सांगता येईना. आवाज नाही, एवढंच तो जाणत होता.

ऐन तारुण्यात मी कविसंमेलनांच्या निमित्तानं माईक-स्पीकरवाल्यांच्या मागं पुष्कळ हिंडलो. शहागंजाकडं रेडिओ दुरुस्त करणारे एक उस्ताद होते. त्यांच्या दुकानात चहा पीत मी तासन् तास बसायचो. त्यांचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं : "पहले देख, फिर नाप, आखिर में खोल." म्हणजे आधी बघ, मग मोज, उघडायचं सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आधी उघडतो, नाहीतर सरळ नवीन आणतो.

अँपचं काम समजायला आपल्या शहरातली पाणचक्की डोळ्यांपुढं आणा. डोंगरातलं पाणी खापरी नळातून येतं, उंचावर चढतं, तिथून खाली पडतं आणि त्याच्या जोरावर चक्की फिरते. पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट आणि नळाची अडचण म्हणजे रोध. जर्मनीतल्या गेऑर्ग ओहम नावाच्या शिक्षकानं १८२७ साली या तिघांचा हिशेब मांडला. स्पीकरवर जो ४ ओहम असा आकडा असतो, तो त्याच्याच नावाचा. डेककडून येणारा आवाजाचा संदेश अगदी दुबळा असतो. अँप बॅटरीचा जोर घेऊन तोच संदेश स्पीकर हलवू शकेल इतका मोठा करतो. आता चक्कीला पाणी यायला वाट हवी, तशी पडलेलं पाणी निघून जायलाही वाट हवी. निचरा तुंबला तर वर पाणी कितीही असो, चक्की थांबते. अँपच्या बाबतीत हा निचरा म्हणजे अर्थची वायर. आणि बहुतेक घोटाळे तिथंच होतात.

अँपला तीन वायरी महत्त्वाच्या. एक जाड लाल, थेट बॅटरीच्या प्लसवरून येणारी. दुसरी तेवढीच जाड काळी, गाडीच्या बॉडीला जाणारी, ती अर्थ. तिसरी बारीक, बहुधा निळी, तिला रिमोटची वायर म्हणतात. डेक सुरू झाला की तिच्यातून बारा व्होल्ट जातात आणि अँप जागा होतो. लाइटच लागत नसेल तर या तिघींपैकी एक रुसलेली असते. तीनचारशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर एवढ्या कामाला पुरतो.

भाच्याच्या अँपवर लाइट नव्हता. मीटरची काळी पिन गाडीच्या कोऱ्या लोखंडाला टेकवली आणि लाल पिन अँपच्या प्लसला. आकडा आला १२.४. म्हणजे बॅटरीचा करंट मागंपर्यंत पोचत होता. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, गाडी सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. तेव्हा १२.४ मध्ये काळजीचं काही नव्हतं. डेक सुरू केल्यावर रिमोटच्या वायरलाही बारा मिळाले. मग काळी पिन बॉडीवरून उचलून अँपच्याच अर्थच्या स्क्रूला लावली. आकडा धाडकन चार-पाचावर आला.

निचरा तुंबला होता तो इथं. मागच्या सीटखाली अर्थचा बोल्ट होता. बसवताना रंग खरवडलाच नव्हता, रंगावरच वॉशर आवळलेला. दोन पावसाळ्यांत त्याखाली गंज धरला. आता भाच्याला आठवलं, की पंधरा दिवसांपासून दौलताबादच्या घाटात खड्डा आला की आवाज जायचा आणि पुढच्या खड्ड्याला परत यायचा. ही खूण डॉक्टरला सांगायच्या लक्षणासारखी असते. हादऱ्यानं येणारा-जाणारा आवाज म्हणजे जवळपास नेहमीच सैल जोड. रंग घासून लोखंड पांढरं केलं, नवा बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. अँप लागला. खर्च बोल्टाचा आणि पॉलिश पेपरचा. एक लक्षात ठेवा, अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीही सोडू नये. तो माणसाचा जीव धरून ठेवायला असतो.

गोष्ट इथं संपली असती तर मी आज बोलत नसतो. उस्तादांचं "देख" अजून बाकी होतं. म्हटलं, लाल वायर बॅटरीपर्यंत बघू. बॉनेट उघडलं. बॅटरीजवळ फ्यूजची डबी होती, पण तिच्यात फ्यूज नव्हता. त्याजागी तांब्याच्या तारा पिळून बसवलेल्या. आणि इंजिनच्या बाजूनं वायर जिथं पत्र्याच्या भोकातून आत शिरते, तिथं रबरी बुश नव्हतं. पत्र्याच्या धारेनं वायरचं वेष्टण कापलं गेलं होतं आणि हातभर वायर वितळून काळी पडली होती. मी विचारलं, "हे कुणी केलं?" तो मान खाली घालून म्हणाला, "मैंच किया मामू. फ्यूज बारबार उड रहा था."

श्रोतेहो, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. त्या गाडीत रोज सात माणसं बसतात. सणावाराला बायका-लेकरं असतात. फ्यूज वारंवार उडत होता, म्हणजे तो ओरडून सांगत होता की वायर पत्र्याला टेकते आहे. आपण सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं. मोटारीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट हाताला झटका देत नाहीत, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण शॉर्ट झाला तर ती एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. तेवढ्यात वायर लाल होते आणि आजूबाजूचं प्लास्टिक, कापड, गालिचा पेट घेतो.

म्हणून हे नीट ऐका. बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी नसतो, तो वायरसाठी असतो. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत तो असावा, कारण त्याच्या अलीकडं शॉर्ट झाला तर त्याचा उपयोग नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज घालायचा. तीसच्या जागी साठ नाही, तार नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच. नवा फ्यूजही लगेच उडाला तर हात थांबवायचा आणि कारण शोधायचं. अँपकडची लाल वायर सोडून बघायची. तरी उडतो, तर वायर मध्येच कुठंतरी टेकलेली आहे. वायर सोडल्यावर उडत नाही, तर दोष अँपमध्ये. आणि अशा कामाला हात लावण्याआधी बॅटरीची मायनसची वायर सोडून बाजूला ठेवायची. पाना हातातून निसटला तरी मग ठिणगी उडत नाही.

आम्ही ती वायर पूर्ण बदलली. बाजारात आता एक फसवणूक चालते तीही सांगतो. वायर अंगठ्याएवढी जाड दिसते, पण जाडी सगळी रबराची असते. आत तांबं कमी, किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. ती वाईटच असं नाही, पण तेवढाच करंट न्यायला ती जास्त जाड घ्यावी लागते. तीस अँपिअरच्या अँपला अस्सल तांब्याची आठ गेजची वायर चालते. साठीच्या घरात गेलात तर चार गेजची घ्या.

आता इतर दुखणी. लाइट लागतो पण तांबडा लागतो आणि आवाज नाही, त्याला प्रोटेक्ट म्हणतात. अँपनं स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतलेलं असतं. अशा वेळी सगळ्या स्पीकरच्या वायरी आणि डेककडून येणाऱ्या पिना काढा, गाडी बंद करून पुन्हा सुरू करा. तांबडा लाइट गेला तर अँप ठीक आहे. मग एकेक स्पीकर जोडत जा. ज्याला जोडताच तांबडा येईल, त्याची वायर दारात कुठं चिरडली आहे का ते बघा. सगळं काढूनही तांबडा राहिला तर अर्थ आणि व्होल्टेज पुन्हा मोजा. तेही बरोबर असेल तर आतले ट्रान्झिस्टर गेलेले असू शकतात. ते काम कारागिराचं, आपलं नाही.

प्रोटेक्टचं आणखी एक कारण म्हणजे हौस. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडावर समांतर लावले की दोन ओहम होतात. चक्कीचं दार दुप्पट उघडल्यासारखं होतं, करंट जास्त वाहतो. अँप तेवढ्यासाठी बनलेला नसेल तर तापतो आणि बंद पडतो. अँपच्या पाठीवर कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. विशेषतः दोन चॅनेल जोडून एक केले, म्हणजे ब्रिज केले, तर बऱ्याच अँपना चारच्या खाली चालत नाही. मीटरनं मोजलं तर चार ओहमचा चांगला स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शून्य दाखवला तर शॉर्ट, आणि आकडाच आला नाही तर आतली तार तुटलेली.

काही अँप तासभर छान वाजतात आणि मग गप्प बसतात. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. हा उष्णतेचा आजार. मराठवाड्याचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यात अँप सीटखाली, गालिच्यानं झाकलेला. जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपासच आवाज होतो, बाकीची उष्णता. नवे क्लास-डी म्हणतात ते अँप ऐंशी टक्क्यांच्या पुढं जातात, म्हणून कमी तापतात. तरी कुठल्याही अँपच्या पात्यांना वारा हवा. चार बोटं मोकळी जागा सोडा.

गाणं लावलं की मागून "कुईं" असा बारीक आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. हा ऑल्टरनेटरचा आवाज आहे, वीज बनवणाऱ्या यंत्राचा. अँपवरच्या डेककडून येणाऱ्या पिना काढून बघा. कुईं थांबली तर ती डेककडून किंवा वायरीतून येते. थांबली नाही तर अँपचा अर्थ किंवा लाल वायर तपासा. पुष्कळदा आवाजाची नाजूक वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूनं, एकाच पट्टीखालून नेलेली असते. जाड वायर डाव्या बाजूनं नेली तर नाजूक उजवीकडून न्यावी. फिल्टर लावण्याआधी एवढं करून बघा.

एकाच बाजूनं आवाज येत असेल तर काही न उघडता निदान होतं. अँपवरच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. मुका स्पीकर बोलू लागला आणि बोलणारा मुका झाला, तर दोष पिना किंवा डेककडं. काहीच बदललं नाही तर दोष पुढं आहे, तेव्हा स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळं लोकांनी चांगले स्पीकर भंगारात घातलेले मी पाहिलेत.

सकाळी गाडी सुरूच होत नाही, बॅटरी उतरलेली, असंही घडतं. रिमोटची बारीक वायर कुणीतरी सोपं पडतं म्हणून थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. मग अँप रात्रभर जागा राहतो. नुसता जागा अँप एक अँपिअर खात असला तरी दहा तासांत दहा अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरीच पस्तीसच्या आसपास असते. रात्री डेक बंद केल्यावर अँपचा लाइट विझतो की नाही, एवढं बघायची सवय लावा.

खोक्यावर पाच हजार वॅट लिहिलेलं असतं, त्यावर भुलू नका. अँपवरचा फ्यूज खरं बोलतो. तीस अँपिअरचा फ्यूज असेल तर गाडी सुरू असताना तीस गुणिले १३.८, म्हणजे सव्वाचारशेपर्यंत वॅट आत जातात. त्याचे साठ टक्के धरले तर अडीचशे बाहेर येतात. तीसच्या फ्यूजमधून पाच हजार वॅट कुठून येणार? आणि ठेक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर समजा की अँपची मागणी गाडीला झेपत नाही. जोड आणि बॅटरी तपासा, आवाज कमी करा.

राहता राहिला फाटका आवाज. अँपवर गेन नावाचं एक बटण असतं. लोक त्याला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत पिळतात. ते डेकचा आणि अँपचा मेळ घालण्यासाठी आहे. रीत अशी : गेन शून्यावर ठेवा, डेकचा आवाज पाऊणपर्यंत न्या, ओळखीचं गाणं लावा, गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडं मागं या आणि तिथंच सोडा. फाटलेल्या आवाजात लाटेचे शेंडे कापले जातात आणि स्पीकरची तार भाजते. स्पीकर बहुधा अशानंच जातात.

तार भाजते तसा कानही भाजतो, फक्त कळत नाही. माईक-स्पीकरच्या पुढ्यात घालवलेल्या रात्रींचं देणं म्हणून आज माझ्या डाव्या कानात एक शिट्टी कायम वाजते. रात्री उशीवर डोकं टेकलं की ती आणि मी दोघंच असतो. हिला औषध नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत सुरक्षित, त्यापुढं जितका आवाज वाढेल तितके तास झपाट्यानं कमी. बंद गाडीत बूफर शंभरी सहज ओलांडतो. आपल्याकडं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. लग्न कुणाचंही असो, मिरवणूक कुणाचीही असो, पलीकडच्या घरात एखादं तान्हं लेकरू किंवा दम्याचा म्हातारा असतोच.

आमच्या भाच्याचा अँप आजही तोच आहे. साडेसात हजार रुपये हप्त्यात गेले. डबीत आता तीसचा फ्यूज आहे आणि दोन जादा फ्यूज तो पाकिटात बाळगतो. मी मागं बसलो की गेनचं बटण हळूच माझ्याकडं बघून मागं घेतो. परवा घाटातून उतरताना एक जुनी कव्वाली लागली होती. आवाज बेताचा होता आणि पहिल्यांदाच मला त्यातले शब्द नीट ऐकू आले. गाडीत मागं बसलेल्या एका आजीबाईनं विचारलं, "लेकरा, हे कोण गातंय रे? परत लाव की." त्यानं परत लावली.

तुमच्या गाडीचा आवाज बंद पडला तर दुकानाकडं धावण्याआधी एकदा अर्थचा बोल्ट बघा. आणि आवाज चालू असला तरी येत्या रविवारी बॉनेट उघडून फ्यूजच्या डबीत खरोखर फ्यूज आहे का, एवढं तरी बघाच.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)